मृग नक्षत्रावर सुरू होणारं अरबी वर्ष

मोडी शिकायला हल्ली मुंबईत बरेच जण येतात. कुणाच्या घरच्या ट्रंकेत जुनी सनद पडलेली असते, कुणाला गडकिल्ल्यांचं वेड असतं, कुणी निवृत्तीनंतर डोक्याला खाद्य शोधत असतं. सुरुवातीचे आठवडे अक्षरांशी झटापट करण्यात जातात. ती जरा जमली की पेशवाईतलं एखादं पत्र समोर येतं आणि अख्खा वर्ग तारखेपाशी अडतो. ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ.’

हा आकडा आहे. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया शंभर, अलफ हजार. सगळे शब्द अरबी, बेरीज ११६१. आधीचा ‘सु॥’ म्हणजे शुहूर सन. जून ते डिसेंबरमधलं पत्र असेल तर यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेमधलं असेल तर ६००, की इसवी सन मिळतो. ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपतचं वर्ष. म्हणजे अब्दालीशी लढायला निघालेल्या मराठी राज्यातला ब्राह्मण कारकून वर ‘श्री’ घालतो, मोडीत मजकूर लिहितो आणि साल घालतो ते अरबीत. महिना आणि दिवसही बऱ्याचदा मुसलमानी असतो : आधी ‘छ’, म्हणजे चंद्र, मग आकडा, मग रबिलावल किंवा जमादिलाखर.

पण हे वर्ष दिसतं तितकं अरबी नाही. त्याचा आकडा हिजरी सनावरून घेतलेला असला तरी त्याचा पहिला दिवस चंद्रावर ठरत नाही. सूर्य मृग नक्षत्रात गेला की शुहूर सन बदलतो. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. जूनचा पहिला आठवडा, आभाळाकडे लागलेले डोळे, पेरणीची तयारी, आणि त्याच दिवशी नवं अरबी साल.

असं का, हे समजायला थोडं गणित लागतं. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. आपल्या पंचांगातले महिनेही चंद्रावरच चालतात, पण मधूनमधून अधिक महिना घालून आपण ते ऋतूंशी जुळवून घेतो. हिजरीत अधिक महिना नाही. त्यामुळे ते वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतं; रमजान कधी थंडीत तर कधी भर उन्हाळ्यात येतो तो यामुळेच. उपासाचं यात काही बिघडत नाही. बिघडतं सारावसुलीचं. पीक सूर्याच्या हिशोबानं येतं. सारा चांद्र वर्षानं मागितला तर ३३ सुगींमध्ये ३४ वर्षांचा सारा भरावा लागेल. रयत एवढं सोसत नाही. ती शेत टाकून दुसऱ्याच्या मुलखात जाते.

तेव्हा कुणीतरी तोड काढली. आकडे मागे नेत गेलं तर १३४४ साली हिजरी आणि शुहूर हे दोन्ही सन ७४५ या एकाच आकड्यावर येऊन मिळतात. त्या वेळी देवगिरीवर, म्हणजे दौलताबादेवर, मुहंमद तुघलकाचा अंमल होता. तिथे हिजरीचा आकडा धरला गेला आणि पुढची मोजणी सूर्याच्या खुंटीला बांधली गेली. पानिपतच्या वेळी हिजरी सन ११७४ होता आणि शुहूर सन ११६१. चारशे वर्षांत १३ वर्षांची तफावत पडली, ती यामुळे. उत्तरेत अकबराच्या आणि दख्खनेत शहाजहानच्या काळात आलेला फसली सन हीसुद्धा याच जातीची युक्ती.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं. हिंदू आणि मुस्लिम संस्कृतींची सरमिसळ हा विषय निघाला की आपल्याकडे दोन भाषणं तयार असतात. एकात सगळे सुलतान कवी असतात, सगळे संत आणि सूफी एकमेकांच्या गळ्यात पडतात. दुसऱ्यात आठशे वर्षं फक्त देवळं पडतात. दोन्हींत खरा मजकूर आहे आणि दोन्हींत एक गोष्ट सुटते : राज्य चालवायला माणसं लागतात. बाहेरून आलेल्या मूठभरांना इथल्या लाखोंकडून सारा गोळा करायचा होता, इमारती उभारायच्या होत्या, भांडणं सोडवायची होती. माझ्या मते सरमिसळीचा मोठा भाग या कामातून झाला. दरबारातल्या मोठ्या मनाचा वाटा त्यात होता, पण मोठेपणा राजाबरोबर जातो. कामातून पडलेली सवय राज्य बदललं तरी राहते.

कचेरी आणि चावडी

दख्खनेतल्या सुलतानांची गंमत म्हणजे ते पूर्ण ‘बाहेरचे’ही नव्हते. अहमदनगरची निजामशाही १४९० साली स्थापन करणारा मलिक अहमद हा मलिक हसनचा मुलगा, आणि हा हसन मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातला, असं फरिश्ता हा इतिहासकार लिहितो. लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, बहामनी दरबारात चढत चढत वजीर झाला. पुढे निजामशहांनी पाथरी आपल्याकडे असावी म्हणून वऱ्हाडच्या इमादशाहीशी भांडण काढलं. वतनाची ओढ धर्मांतरानं जात नाही.

तिकडे विजापुरात पहिला इब्राहिम आदिलशहा १५३४ साली गादीवर आला आणि त्यानं महसुलाचे हिशेब फारसीतून काढून हिंदवीत आणले. हिंदवी हा फरिश्त्याचा शब्द. आपल्या मुलखात त्याचा अर्थ व्यवहारात मराठी असा झाला. याला मराठीप्रेम समजू नये. इराणहून आलेल्या मुत्सद्द्यांचं वजन कमी करायचं होतं आणि गावोगावचे कुलकर्णी हिशेब मोडीतच ठेवत होते. मधला फारसीचा टप्पा गाळला की काम सोपं आणि दरबारातला एक गटही दुबळा. मात्र परिणाम असा झाला की आदिलशाही आणि निजामशाहीची कितीतरी फर्मानं दुभाषी आहेत : वर फारसी, खाली मराठी. मराठी ही राज्याच्या कागदावर बसलेली भाषा झाली ती शिवाजी महाराजांच्या आधी, सुलतानांच्या कचेरीत.

याहून बोलका कागद म्हणजे महजर. गावात पाटीलकीवरून किंवा जमिनीवरून तंटा पडला की हाजिर मजलस बसायची. तिथे काझी असायचा, सरकारी हवालदार असायचा, देशमुख-देशपांडे, आजूबाजूच्या गावांचे पाटील, शेटे-महाजन, बलुतेदार सगळे असायचे. दोन्ही बाजू ऐकून निवाडा लिहायचा तो महजर. त्याच्यावर काझीचा फारसी शिक्का पडतो आणि लिहिता न येणारे आपापली निशाणी काढतात. पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, सुताराचं हत्यार. ही चित्रं कागदावर ओळीनं उभी असतात. हा निवाडा शरियतचा की धर्मशास्त्राचा? दोन्हींचा नाही म्हटलं तरी चालेल. चालत आलेली रीत काय, शेजारचे काय सांगतात, यावर तो ठरायचा. काझीचा शिक्का त्याला सरकारी बळ द्यायचा आणि गोतानं, म्हणजे जमलेल्या मंडळींनी, मान्य केल्याशिवाय त्या शिक्क्याला गावात किंमत नव्हती.

गावगाड्यात मुसलमानाची जागाही अशीच कामातून ठरलेली. अनेक गावांच्या बलुत्या-अलुत्यांच्या यादीत मुलाणी आहे. बकरं हलाल करणं हे त्याचं काम. जत्रेतलं, देवीपुढचं बकरंही त्याच्याच हातचं आणि त्याबद्दल सुगीला त्याचा वाटा ठरलेला. आज हे सांगितलं की बऱ्याच जणांच्या भुवया वर जातात. तेव्हा ते न्हाव्यानं हजामत करण्याइतकं साधं होतं. साधं म्हणजे समान नव्हे, हेही लक्षात ठेवावं. जातीच्या उतरंडीत एक पायरी नेमून दिली की माणूस गावात सामावला जायचा. पण त्या पायरीवरून हलायची सोय नसायची.

सरस्वती आणि अफझलखान

दरबाराकडे वळलो की सगळ्यांना अकबर आठवतो. त्यानं १५६३ साली यात्राकर काढला, पुढच्या वर्षी जिझिया काढला, १५७५ ला फत्तेपूर सिक्रीत इबादतखाना बांधून निरनिराळ्या पंथांच्या पंडितांना वाद घालायला बसवलं. हे शाळेत झालेलं आहे. त्यापेक्षा महाभारताचं फारसी भाषांतर कसं झालं ते पाहण्यासारखं आहे. ‘रज्मनामा’ नावाच्या या ग्रंथाचं काम १५८२ च्या सुमारास सुरू झालं. भाषांतर करणाऱ्या नकीबखानाला संस्कृत येत नव्हतं, पंडितांना फारसी येत नव्हतं. पंडित संस्कृत वाचून हिंदवीत, म्हणजे तिकडच्या बोलीत, अर्थ सांगायचे आणि खान तो फारसीत उतरवायचा. मधली बोली कुणाच्याही पोथीत नव्हती, पण सगळं काम तिनेच तोलून धरलं. मदतीला बदायुनीसारखा कर्मठ मुल्लाही होता. त्याला हे काम मनापासून आवडत नव्हतं आणि त्यानं ती चिडचिड आपल्या इतिहासात लिहूनही ठेवली. नोकरी होती, करावी लागली. अशा बळेबळे केलेल्या कामातूनही ग्रंथ उभा राहिला, चित्रांसकट.

आपल्या बाजूचा तोडीस तोड राजा म्हणजे विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा. १५८० ते १६२७ अशी दीर्घ कारकीर्द. ‘किताब-ए-नवरस’ हा त्याचा दखनी भाषेतला गीतांचा संग्रह. त्यात सरस्वतीची स्तुती आहे, गणपतीची आहे आणि गुलबर्ग्याचे सूफी संत बंदेनवाज गेसूदराज यांचीही. रागांची नावं घालून रचलेली ही गाणी आहेत. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. स्वतः त्याला आपल्या हत्तीचं आणि तंबोऱ्याचं इतकं कौतुक, की आतशखान हा हत्ती आणि मोतीखान हा तंबोरा यांच्यावरही त्याच्या रचना आहेत. मला हा माणूस अकबरापेक्षा जवळचा वाटतो. अकबर धर्मांची तुलना करत बसला होता. इब्राहिमला गाण्याचा नाद होता आणि गाण्याची देवता सरस्वती, एवढा सरळ त्याचा हिशेब दिसतो.

आणि त्याच विजापूरचा सरदार अफझलखान १६५९ साली महाराजांवर चालून आला, तेव्हा वाटेत त्यानं तुळजापूरच्या देवीला उपद्रव दिल्याचं मराठी बखरी सांगतात. अकबराच्या पणतवानं, औरंगजेबानं, १६७९ साली जिझिया परत बसवला. सरमिसळ आणि मोडतोड हे दोन वेगळे कालखंड नाहीत. एकाच राज्यात, कधी एकाच पिढीत, दोन्ही चालू असत. देऊळ हे राजाच्या सत्तेचंही चिन्ह होतं, म्हणून लढाईत ते निशाण्यावर यायचं; काहींना वर धर्माचा आवेशही असे. त्याच लढाईत अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण होता आणि महाराजांच्या पदरी पुढे आरमारात दौलतखान होता, फारसी पत्रव्यवहाराला काझी हैदर. ही नावं सांगून कुणी ‘तेव्हा धर्म आडवा येत नव्हता’ असं म्हणेल तर ते खरं नाही. धर्म होता, त्याची जाणीव तीव्र होती. पण चाकरी, वतन आणि इमान यांच्या रेषा त्याच ठिकाणाहून जात नव्हत्या.

महाराजांनी ही सरमिसळ ओळखून तिला लगामही घातला. राज्याभिषेकाच्या वेळी नवा शक सुरू केला, राज्यव्यवहारकोश करवून सुमारे १४०० फारसी-अरबी दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. फारसीचा भार पुढच्या काळात हटलाही. साल मात्र अरबीच राहिलं, कारण गावोगावचे हिशेब त्यावर होते आणि हिशेबाला हात लावायला कुठलंही सरकार कचरतं.

संतांकडचं चित्र निराळं. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या चाकरीत होते आणि त्यांचे गुरू चांद बोधले, सूफी परंपरेशी जोडलेले. याच चांद बोधल्यांचे दुसरे शिष्य श्रीगोंद्याचे शेख महंमद, वारकऱ्यांनी आपले मानलेले. ‘शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद’ ही त्यांची ओळ अजून कीर्तनात ऐकू येते. मालोजी भोसल्यांची त्यांच्यावर श्रद्धा होती. नगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलून झालेली म्हणून मालोजींनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे.

एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ मात्र कुणी गोडगोड समजून वाचायला घेतला तर दचकेल. तुर्क हिंदूला काफर म्हणतो, हिंदू म्हणतो विटाळ होईल, बाजूला सर. मग दोघं एकमेकांच्या देवाची, पुराणांची, रीतिरिवाजांची अशी काही उणीदुणी काढतात की आज ते छापायला संपादक धजावणार नाही. शेवटी भांडून भांडून दोघं एका परमात्म्यावर येतात आणि आलिंगन देतात. एकमेकांच्या घरातलं इतकं बारीक माहीत असल्याशिवाय इतकं मर्मावर बोट ठेवता येत नाही. सोळाव्या शतकातल्या पैठणला ते माहीत होतं.

तुळई आणि कमान

इमारतीत ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. आपली देवळं तुळईवर उभी असतात : दोन खांब, त्यावर आडवा दगड. आडवा दगड फार लांब घेतला तर मध्ये मोडतो, म्हणून देवळात खांबांची दाटी. तुर्कांबरोबर आली ती खरी कमान. पाचरीसारखे घडवलेले दगड कमानीच्या वळणात लावायचे, माथ्यावर किल्लीचा दगड बसवायचा, चुन्यानं जखडायचं. वजन आडव्यातून बाजूला आणि खाली जातं, मधली जागा मोकळी राहते. तंत्र बाहेरचं, पण हात इथले. गुजरातेतल्या अहमदाबाद-चांपानेरच्या मशिदी पाहा : समोर कमान, आत देवळासारखे कोरीव खांब, मिहराबाच्या (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कमानीच्या) कडेला कोनाड्यांची नक्षी. पाथरवटाला सांगितलं मशीद बांध, त्यानं बांधली. नक्षी मात्र त्याच्या बापानं शिकवलेलीच काढली. फक्त मूर्ती वगळली.

हा व्यवहार उलट दिशेनंही झाला आणि आपण तो रोज बघतो. पेशवाईत बांधलेल्या किती देवळांना घुमट आहेत, किती सभामंडपांना महिरपी कमानी आहेत. रायगडावरच्या जगदीश्वराच्या देवळाला घुमट आहे आणि कोपऱ्यांवर मिनारासारखे छोटे बुरूज. मुंबईहून शनिवार-रविवार गडावर जाणाऱ्यांना तिथे एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते, की शत्रूला मशीद वाटावी आणि त्यानं देऊळ फोडू नये म्हणून मुद्दाम असं बांधलं. गोष्ट चतुर आहे. मला ती पटत नाही. दारात नंदी बसवून कुणी मशिदीचं सोंग करत नाही. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांच्या हाताखालचे गवंडी दख्खनेत तेव्हा जशी उत्तम इमारत बांधत तशी बांधत होते. घुमट म्हणजे मुसलमानी, हे समीकरण त्यांच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं. ते आपल्या डोक्यात आहे.

आणि मुंबई

मुंबईवर मोगलांचं राज्य कधीच नव्हतं. माहीम-साष्टीचा पट्टा गुजरातच्या सुलतानांकडे होता, १५३४ साली वसईच्या तहानं पोर्तुगीजांकडे गेला, मग मुंबई बेट इंग्रजांकडे. सुलतानी काळाची मोठी खूण म्हणजे माहीमचा दर्गा. मखदूम फकीह अली माहिमी (१३७२ ते १४३१) हे तिथलेच, कोकणातल्या अरबी वंशाच्या नवायत समाजातले. कुराणावर भाष्य लिहिणारे भारतातले अगदी सुरुवातीचे विद्वान. आज त्यांच्या उरुसात मिरवणुकीच्या पुढे मान मुंबई पोलिसांचा असतो, बँडसकट. रांगेत कोळीवाड्यातली माणसं असतात, दादरची असतात. कुणी कुणाला तिथे धर्म विचारत नाही. गर्दीत तेवढी उसंतही नसते.

बाकीची सरमिसळ मुंबईला सामानासारखी आली. कोकणी मुसलमान आले, घरात कोकणी बोलणारे, आडनावं मुकादम, पारकर, खोत. कच्छ-काठेवाडातून खोजे आणि मेमन आले. उत्तरेतून गवई आले. मोगल दरबारात मुहंमदशाह ‘रंगीले’च्या काळी नियामतखान सदारंगाच्या हातून रंगारूपाला आलेला ख्याल, पुढे संस्थानिकांकडे वाढला आणि शेवटी पैसा जिथे होता तिथे, गिरगाव-भेंडीबाजारात उतरला. मुरादाबादकडून आलेल्या छज्जूखाँ, नजीरखाँ आणि खादिम हुसेनखाँ या भावांनी भेंडीबाजार घराणं उभं केलं. नजीरखाँसाहेबांची शिष्या अंजनीबाई मालपेकर. अल्लादियाखाँसाहेबांकडे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर शिकल्या. कृष्णाच्या छेडाछेडीच्या बंदिशी मुसलमान उस्तादानं शिकवायच्या, गोव्याकडच्या बायकांनी गायच्या आणि मारवाडी-गुजराती शेठनं मैफल ठेवायची. वाळकेश्वरला जन्मलेल्या भातखंडे वकिलांनी उस्तादांच्या मागे लागून त्या बंदिशी कागदावर उतरवल्या नसत्या, तर कितीतरी हरवल्या असत्या.

इंग्रजांनी काय केलं? त्यांनी सरमिसळीची इमारत केली. १८५७ नंतर आपण मोगलांचे वारस आहोत असं दाखवणं त्यांना सोयीचं झालं. हायकोर्ट आणि विद्यापीठ अजून विलायती गॉथिक थाटात होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थाट बदलला. जॉन बेगनं जीपीओ, म्हणजे मुंबईचं मुख्य टपाल कार्यालय, बांधलं, १९१३ साली पुरं झालं, त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. काळा घोड्याजवळच्या वस्तुसंग्रहालयात जॉर्ज विटेटनं तोच घुमट वापरला आणि आत मराठा वाड्यासारखी सज्जांची रचना ठेवली. त्याच विटेटच्या गेटवेत गुजरात सुलतानीची सोळाव्या शतकातली शैली आहे, ग्वाल्हेरच्या जाळ्या आहेत आणि सगळं उभं आहे पिवळसर बेसॉल्ट आणि काँक्रीटवर. मला गेटवे आवडतो. पण चांपानेरच्या मशिदीत पाथरवटाची सवय दगडात उतरली; इथे एका साहेबानं जुन्या इमारतींचे आराखडे टेबलावर पसरून त्यातले बरे तुकडे निवडले.

आणि ज्या काळात दगडात हे मिसळणं चाललं, त्याच्या थोडं आधीपासून त्याच सरकारच्या कोर्टात माणसं वेगळी काढणं चालू होतं. खोज्यांचं उदाहरण घ्या. मूळचे बरेचसे लोहाणे, म्हणजे हिंदू व्यापारी जातीतले. पीर सद्रुद्दीन यांच्याशी जोडलेल्या ‘दसावतार’ नावाच्या गिनानात, म्हणजे त्यांच्या भक्तिगीतात, विष्णूचे नऊ अवतार नेहमीचे, दहावा अवतार अली. वारसा हिंदू रिवाजानं. १८४७ साली दोन खोजा बहिणी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेल्या : आम्ही मुसलमान आहोत, कुराणाप्रमाणे बापाच्या मिळकतीत मुलीचा वाटा द्या. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी दिला नाही. जमातीचा रिवाज मुलींना वाटा न देण्याचा आहे आणि रिवाज कायद्याच्या बरोबरीचा, असा निकाल लागला. तेव्हा सरमिसळ म्हणजे नेहमी कुणाच्या तरी भल्याचीच असते असं नाही. या घरात दोन परंपरा मिसळल्या आणि दोन्हींतला मुलींना गैरसोयीचा तेवढा भाग टिकला.

१८६६ साली दुसरा खटला. जमातीच्या मालमत्तेवर आगाखानांचा अधिकार आहे की नाही यावरून वाद होता. काही खोजे म्हणत होते आम्ही सुन्नी, आगाखानांचा आमच्याशी संबंध नाही. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांच्यापुढे तो ‘दसावतार’ पुरावा म्हणून वाचला गेला आणि निकाल आला की खोजे हे शिया इमामी इस्माइली, आगाखान त्यांचे वंशपरंपरागत इमाम. शेकडो वर्षं ज्या जमातीला ‘तुम्ही नक्की कोण?’ याचं एक उत्तर द्यावं लागलं नव्हतं, तिला ते कोर्टानं लिहून दिलं. गावातल्या महजराला हा प्रश्न पडला नसता. त्याला फक्त वाटा कुणाचा ते ठरवायचं होतं.

खानेसुमारीनं, म्हणजे जनगणनेनं, तेच केलं, मोठ्या प्रमाणावर. गणकाच्या कागदावर धर्माला एकच रकाना. गुजरातेतल्या मतिया कणबी, शेखडा अशा जमाती त्यात बसेनात. १९११ च्या खानेसुमारीत मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्यानं वैतागून ‘हिंदू-मुहम्मदन’ असा तिसरा रकाना केला, तर वरिष्ठांनी त्याचे कान उपटले, की यांना इकडे किंवा तिकडे घालायला हवं होतं.

एखादी जागा या सगळ्यातून सुटलीही. कल्याणजवळच्या मलंगगडावर हाजी मलंगचा उरूस माघी पौर्णिमेला भरतो, वंशपरंपरागत विश्वस्त ब्राह्मण घराण्यातले. जागा कुणाची यावरून गेली काही दशकं तिथे ताण आहे आणि दरवर्षी बंदोबस्त लागतो. या देवस्थानाचा वाद १९५४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयानं त्याला हिंदू कायदाही लावला नाही आणि मुस्लिम कायदाही. जागेचा स्वतःचा रिवाज आणि विश्वस्तांचा सर्वसाधारण कायदा यांवर सोपवलं.

खोज्या-मेमनांच्या मुलींचं काय झालं, ते राहिलं. १९३७ च्या शरियत कायद्यानं मुसलमानांच्या वारशातून रिवाज काढून टाकला, आणि १८४७ साली कोर्टात नाकारला गेलेला मुलीचा वाटा कायद्यानं दिला. मात्र शेतजमीन मूळ कायद्यातून वगळलेली होती. बंगला, दुकान, रोकड यांना शरियत. शेताला गावचा जुना रिवाज.